टोक्याचे बापूदेवशास्त्री आणि त्यांचें बीजगणित



नगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या सडकेनें निघालें म्हणजे जिल्ह्याच्या सीमेवर प्रवरा गोदावरीला मिळते. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. परंतु पुष्कळांच्या जिभेवर अद्याप 'नगर' आहे आणि मीहि आज संवयीनें तेंच म्हणणार आहें. पूल आला कीं गाडींतलीं वडील माणसें हात जोडतात, एखादी आजी पदराच्या गांठीचें नाणें सोडून पाण्यांत टाकते. तेथेंच, नेवासें तालुक्यांत, गोदातीरीं टोकें नांवाचें गांव आहे. सिद्धेश्वराच्या देवळामुळें तें यात्रेकरूंना ठाऊक असतें. बीजगणिताच्या इतिहासांतहि त्या गांवाला जागा आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या कानीं गेलेली असेल.

नृसिंह ऊर्फ बापूदेवशास्त्री परांजपे यांचें घराणें मूळचें या टोक्याचें. त्यांचा जन्म शके १७४३ च्या कार्तिकांत, म्हणजे १ नोव्हेंबर १८२१ रोजीं झाला. पेशवाई बुडून तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं. या माणसानें पुढें काशीच्या संस्कृत महाविद्यालयांत जवळजवळ अर्धें शतक गणित शिकविलें आणि देशी भाषेंत बीजगणिताचें पाठ्यपुस्तक लिहिलें. त्याची कथा आज सांगावयाची आहे. पण ती मला कां सांगावीशी वाटते, हें आधीं सांगितलें पाहिजे.

मीं या जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं, महाविद्यालयांत, उमेदीचीं सारीं वर्षें बीजगणित शिकविण्यांत घालविलीं. वर्गांत येणारीं मुलें कोठलीं? कोणी ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांमागें फडाफडांतून फिरलेलें, कोणी पहाटे दुधाच्या किटल्या डेअरीवर पोंचवून सायकलीनें येणारें. त्यांना हिशेब येत नसे असें मुळींच नाहीं. दुधाचा भाव, फॅटचा आंकडा, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि तिच्यांतून फिटलेली रक्कम हें सारें त्यांच्या तोंडावर असे. परंतु फळ्यावर मीं 'एक्स' काढला, कीं वर्ग एकदम गप्प होई. त्यांचें दहावीपर्यंतचें गणित मराठींत झालेलें. पहिला भाग बीजगणित, दुसरा भूमिति. अकरावीच्या विज्ञानशाखेंत पाऊल टाकतांच सारें इंग्रजींत. कालपर्यंत ज्याला 'वर्गसमीकरण' म्हणत होतों तेंच हें 'क्वाड्रॅटिक इक्वेशन', 'सहगुणक' म्हणजेच 'कोइफिशंट', हें उमजेपर्यंत पहिली चांचणी होऊन जाई, आणि 'मला गणित येत नाहीं' असा शिक्का मुलगा स्वतःच स्वतःच्या कपाळीं मारून घेई.

एकदां ऋण संख्यांचा गुणाकार कांहीं केल्या गळीं उतरेना, तेव्हां मीं खडू ठेवला आणि विचारलें, 'निगेटिव्ह' याला मराठींत काय म्हणतां? उत्तर आलें, 'ऋण'. ऋण म्हणजे काय? मागच्या बांकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, 'उचल, सर.' साऱ्या वर्गाला हसूं आलें. तिला आलें नाहीं. मी पुढें सरसावलों. उचल वाढली तर घर वर गेलें कीं खालीं? उचल माफ झाली तर? उण्यांतून उणें काढलें कीं अधिक कसें होतें, हें त्या दिवशीं पंधरा मिनिटांत झालें. यांत माझी हुशारी कांहीं नव्हती. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें धन, ऋण आणि शून्य यांचे नियम बांधून दिले ते याच शब्दांत. धन म्हणजे गांठीची रक्कम, ऋण म्हणजे देणें. शब्दांतच अर्थ बसविलेला होता. आम्हीं दुसऱ्या भाषेचा शब्द घेतला आणि अर्थ मात्र मागें ठेवून आलों.

आतां बापूदेवांकडे वळूं. १८३० च्या दशकांत मराठी मुलगा बीजगणित कोणापाशीं शिके? बापूदेवांचें बालपणींचें शिक्षण नागपुरास झालें. तेथें धुंडिराज मिश्र नांवाचे कान्यकुब्ज विद्वान होते; त्यांच्यापाशीं त्यांनीं भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित हे दोन ग्रंथ वाचले. म्हणजे इंग्रजी पुस्तकाचें पान उलटण्यापूर्वींच हा मुलगा वर्गसमीकरणें सोडवीत होता. हे ग्रंथ त्या वेळीं जवळजवळ सातशें वर्षांचे जुने होते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला आणि सिद्धांतशिरोमणि त्यांनीं छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें पुरा केला. आपण सह्याद्रीच्या आश्रयास असलेल्या विज्जडविड नगराचे, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. हें नगर कोणतें, यावर पंडितांचा वाद अजून चालू आहे. तो चालूं द्यावा. मला त्यांच्या गांवापेक्षां त्यांच्या नातवाच्या पाठशाळेंत अधिक गोडी आहे.

खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण नांवाचें एक ओसाड पडलेलें जुनें नगर आहे. तेथील देवीच्या देवळांत एक शिलालेख आहे. तो गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं पाटणास मठ स्थापिला, आणि त्या प्रांताचा अधिपति निकुंभवंशीय सोइदेव यानें इ. स. १२०७ मध्यें त्याला उत्पन्न नेमून दिलें. लेखाचा मोठा भाग संस्कृतांत आहे, पद्य आहे, वंशाच्या स्तुतीनें भरलेला आहे. शेवटच्या ओळी मात्र एकाएकीं जुन्या मराठींत उतरतात, कारण तेथें पैशाची गोष्ट निघते. या पाटणांत जो माल विक्रीस निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जें मिळावयाचें तें मठाला द्यावें. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांनीं दर घाण्यामागें पळी पळी तेल द्यावें.

हें वाचतांना मी प्रथम थबकलों तो त्या पळीवर. राजानें गांव इनाम दिलें, सोनें दिलें, असे लेख पुष्कळ आहेत. येथें तेली आपल्या घाण्याची पळीभर धार देतो आणि तिच्यावर बीजगणिताचा विद्यार्थी रात्रीं दिवा लावतो. (दिवा लावीत असे, ही माझी कल्पना, तेल आमटीच्या फोडणींतहि गेलें असेल.) आजकाल परदेशांत लोकवस्तीच्या आश्रयानें, लोकवस्तीसाठीं चालविलेल्या महाविद्यालयांची फार चर्चा होते. त्यांत वय झालेलीं माणसेंहि जाऊन प्राथमिक आणि माध्यमिक बीजगणित पुन्हां शिकतात. पाटणचा मठ सर्वांना खुला होता असें मी म्हणणार नाहीं. त्या काळीं विद्येचें दार कोणाला उघडें होतें आणि कोणाला बंद, हें आपण जाणतों. पण त्याचा खर्च बाजारपेठ चालवीत होती, एवढें दगडावर कोरलेलें आहे.

त्या मठांत आणि पुढें नागपुरास धुंडिराजांच्या घरीं जें शिकवीत तें दिसावयाला कसें होतें? आजच्या 'एक्स'च्या जागीं भास्कराचार्य 'या' लिहीत. 'यावत् तावत्', म्हणजे जितकें असेल तितकें, याचें तें पहिलें अक्षर. अज्ञात राशि एकाहून अधिक असल्या तर पुढच्या राशींना रंगांचीं नांवें: कालक, नीलक, पीतक, लोहितक, लिहावयाचीं का, नी, पी, लो. ठाऊक असलेली संख्या म्हणजे 'रूप', तिच्यासाठीं 'रू'. वर्ग असला तर 'व'. संख्या ऋण असली तर तिच्या डोक्यावर टिंब. बरोबरीचें चिन्ह नव्हतें. समीकरणाच्या दोन बाजू एकीखालीं एक मांडीत आणि सारखें सारख्याखालीं येऊं देत. आपल्या जमाखर्चाच्या वहीची संवय असलेल्या डोळ्यांना ती मांडणी परकी वाटत नाहीं.

भास्कराचार्यांचें एक उदाहरण मीं वर्गांत दरवर्षीं घातलें. वानरांचा एक कळप आहे. त्याच्या पांचव्या हिश्शांतून तीन वजा केले, उरले त्यांचा वर्ग केला, तितकीं वानरें गुहेंत गेलीं. एक फांदीवर चढलेलें दिसतें. तर एकूण वानरें किती? समीकरण मांडून छेद उडविले, सारखें सारख्यांतून वजा केलें, कीं एका बाजूस वर्गराशि एक आणि अज्ञात राशि ऋण ५५, दुसऱ्या बाजूस ऋण २५० रूपें राहतात. येथें श्रीधराचार्यांची युक्ति लागते. दोन्ही बाजूंना वर्गराशीच्या सहगुणकाच्या चौपटीनें गुणावें आणि मग मूळच्या अज्ञाताच्या सहगुणकाचा वर्ग दोन्हींत मिळवावा. चौपट केल्यावर दुसरी बाजू ऋण १०००; पंचावन्नांचा वर्ग ३०२५; बेरीज २०२५, आणि तिचें मूळ नेमकें ४५. पहिल्या बाजूचें मूळ दुप्पट अज्ञात उणें ५५. म्हणून दुप्पट अज्ञात एक तर १०० किंवा १०, आणि वानरें ५० किंवा ५. भिन्नांत न शिरतां वर्ग पुरा करण्याची ही रीत आजच्या पुस्तकांतील सूत्राहून मुलांना लौकर समजते, असा माझा अनुभव आहे. मधलें पद नाहींसें होतें म्हणून जुन्या ग्रंथकारांनीं या प्रकरणाचें नांवच 'मध्यमाहरण' ठेवलें.

पन्नास आणि पांच. भास्कराचार्य पन्नास घेतात आणि पांच टाकतात. कारण पांचाचा पांचवा हिस्सा एक. एकांतून तीन वजा केले तर ऋण दोन उरतात, आणि ऋण राशि प्रत्यक्षांत आहे असें म्हटलें तर लोकांना प्रतीति येत नाहीं. 'गणितांत बसत नाहीं' असें ते म्हणत नाहींत. लोकांना पटत नाहीं, असें म्हणतात. हा भेद लक्षांत ठेवावा. त्याकडे मी शेवटीं येईन.

१८३८ मध्यें बापूदेवांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. भोपाळजवळ सिहोर येथें लॅन्सलॉट विल्किन्सन नांवाचा इंग्रज पोलिटिकल एजंट होता. तेथील संस्कृत पाठशाळेवर त्याचें लक्ष असे. हिंदुस्थानांत नवें ज्योतिष आणि गणित शिकवावयाचें तर जुन्या सिद्धांतग्रंथांच्या खांद्यावर उभें राहून शिकवावें, ते ग्रंथ टाकून नव्हे, असें त्याचें मत होतें. १८३४ मध्यें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत त्यानें तें प्रसिद्धहि केलें. त्याच्याच आश्रयानें सुबाजी बापू या मराठी पंडितानें १८३६ मध्यें 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठींत लिहिला आणि पुराणांचें, सिद्धांतांचें व कोपर्निकसाचें अशीं तिन्ही मतें समोरासमोर ठेवलीं. अशा माणसाला नागपुरास सतरा वर्षांचा बापूदेव दिसला. त्याची गणितांतील गति पाहून विल्किन्सननें त्याला सिहोरास नेलें. तेथें सेवाराम यांच्यापाशीं सिद्धांतशिरोमणि आणि विल्किन्सनपाशीं युक्लिडाची भूमिति असें दुहेरी अध्ययन झालें. विल्किन्सन १८४१ मध्यें वारला. तोंपर्यंत शिष्य तयार झाला होता, आणि थोड्याच दिवसांत विशीच्या उंबरठ्यावर बापूदेव काशीच्या संस्कृत महाविद्यालयांत अध्यापक झाले. १७९१ मध्यें स्थापन झालेल्या त्या संस्थेंत त्यांनीं १८८९ पर्यंत शिकविलें.

काशींत त्यांनीं काय केलें याची यादी मोठी आहे. ती सारी वाचून दाखवीत नाहीं. सूर्यसिद्धांताचें त्यांनीं इंग्रजी भाषांतर केलें आणि विल्किन्सननें केलेलें गोलाध्यायाचें भाषांतर शोधून छापविलें; हीं दोन्ही १८६१-६२ च्या सुमारास प्रसिद्ध झालीं. भास्कराचार्यांना चलनकलनाचें तत्त्व अवगत होतें, असें त्यांनीं १८५८ मध्यें लिहिलें. त्यावर विल्यम स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञानें १८६० मध्यें उत्तर दिलें. साम्य मान्य, पण तेंच तत्त्व म्हणतां येणार नाहीं, असा त्याचा आशय. टोक्याच्या परांजप्यांचें म्हणणें लंडनच्या विद्वानांनीं गंभीरपणें घेऊन खोडण्याचा यत्न केला, हेंहि कमी नव्हे. परंतु माझ्या दृष्टीनें यांतलें कोणतेंहि काम त्यांच्या १८५० च्या सुमाराच्या एका साध्या पुस्तकाच्या तोडीचें नाहीं. तें म्हणजे हिंदी बीजगणित. त्याबद्दल सरकारनें त्यांना दोन हजार रुपये देऊन त्यांचा गौरव केला. त्या काळचे दोन हजार, हें लक्षांत घ्यावें.

संस्कृत पंडितानें हिंदींत गणित लिहिणें ही त्या वेळीं सोपी गोष्ट नव्हती. पाठशाळेंत मान संस्कृताला, कचेरींत इंग्रजीला. ज्या मुलाला दोन्ही येत नाहींत त्याच्यासाठीं लिहावयाचें तर दोन्हींकडची प्रतिष्ठा बाजूला ठेवावी लागते. बापूदेव ज्या नेवासें तालुक्याचे, तेथेंच शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला. ती हवा त्यांना लागली होती कीं काय, असा विचार मनांत येतो. इतिहासकारानें असे विचार मनांतच ठेवावे. पण मी गणिताचा शिक्षक आहें. हें बीजगणित मराठींत झालें असतें तर, ही हुरहूर मात्र मला वाटते. ते काशींत राहत, त्यांच्या विद्यार्थ्यांची भाषा हिंदी. दोष कोणाचाच नाहीं.

त्याच सुमारास दिल्लीस मास्टर रामचंद्र बीजगणिताच्याच साह्यानें महत्तम-लघुतमाचीं उदाहरणें सोडविणारा ग्रंथ लिहीत होते. तो १८५० मध्यें कलकत्त्यास निघाला आणि ऑगस्टस डी मॉर्गन यानें १८५९ मध्यें लंडनास पुन्हां छापविला. या देशाला बीजगणिताचें वळण मुळापासून आहे, तेव्हां नव्या गणितांत त्याच वाटेनें शिरावें, असा रामचंद्रांचाहि विचार होता.

मग मुंबई इलाख्यांत काय झालें? प्रारंभ उत्तम होता. जॉर्ज जर्विस या लष्करी इंजिनियरानें १८२० च्या दशकांतच इंग्रजी गणिताचीं पुस्तकें मराठींत करविलीं. आचार्य बाळशास्त्री जांभेकरांसारख्यांनीं गणिताची मराठी परिभाषा राबविली. पण १८४७ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें मोठा वाद माजला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें म्हणणें उच्च शिक्षण इंग्रजींत द्यावें. जर्विस आणि जगन्नाथ शंकरशेट यांचें म्हणणें देशी भाषा सोडूं नये. विजय इंग्रजीचा झाला. १८५७ मध्यें मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ मध्यें पहिली मॅट्रिक झाली, आणि नगर-नाशकाच्या मुलानें बीजगणित शिकावयाचें तें इंग्रजी पुस्तकांतून, हें ठरून गेलें. माझ्या वडिलांच्या पिढीला हॉल आणि नाइट हीं दोन नांवें गणपति-सरस्वतीच्या बरोबरीनें आठवत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादापासून माध्यमिक शाळांत मराठी पुन्हां आली. महाविद्यालयाच्या दाराशीं ती अजूनहि थांबलेली आहे. इंग्रजी नको असें मी म्हणत नाहीं. ज्याला पुढें जावयाचें त्याला ती लागेलच. पण बापूदेव युक्लिडाकडे गेले ते भास्कर हातीं धरून गेले, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

नगर जिल्ह्यापुरतें एक पाऊल मात्र नक्की पुढें पडलें. बापूदेवांना बीजगणितासाठीं नागपूर, सिहोर, काशी असा प्रवास करावा लागला. १९४७ मध्यें डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज काढलें. पुढें श्रीरामपूर, कोपरगांव येथेंहि महाविद्यालयें झालीं. नेवाशाच्या मुलाला भाकरी बांधून घेऊन सकाळीं निघावें आणि संध्याकाळीं घरीं यावें, इतकी ही विद्या जवळ आली. मुलीला तर पूर्वीं नागपूरहि नव्हतें आणि काशीहि नव्हती.

उचलीचें उत्तर देणारी ती मुलगी सहामाहींत पुन्हां भेटली. प्रश्नपत्रिकेंत मीं वानरांचें उदाहरण घातलें होतें. वर्गांत पांच हें उत्तर कां टाकावयाचें तें सांगून झालें होतें, तेव्हां बहुतेकांनीं पन्नास लिहून खालीं रेघ ओढली. तिनें दोन्ही उत्तरें ठेवलीं होतीं, आणि समासांत पेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहिलें होतें: 'सर, ऋण दोनचा वर्ग चार होतो. चार वानरें गुहेंत गेलीं, एक फांदीवर राहिलें. पांचच झालीं. मग हें उत्तर कां टाकायचें?'

मीं कागद दिव्याजवळ धरून तें दोनदां वाचलें, गुण पुरे दिले, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत तिला फळ्यापाशीं बोलावून खडू तिच्या हातीं दिला.